सुईणीची लेक

राजनंदिनीनं मूठ वर केली आणि शितलनं धावत जाऊन दार लोटलं.

"जै बीम!" दीड वर्षाची पोर खुदकन हसली. आजोळाहून येताना एवढंच शिकून आली होती. शितलनं तिच्या तोंडावर हळूच तळवा ठेवला. "इथं न्हाई म्हणायचं, सोन्या."

पोरीला तो खेळ वाटला. तिनं आईच्या तळव्याचा मुका घेतला.

शिरूरच्या या भाड्याच्या खोलीत येऊन वर्ष होत आलं होतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. नवऱ्यानं, गोकुळनं, आडनाव 'गायकवाड' सांगितलं आणि घरमालकीण झुंबरबाई खुलल्या. "अगं बया, माझ्या थोरल्या जावंचं माहेर गायकवाडाचंच की! म्हंजी तुम्ही आपल्यातलंच." गोकुळ नुसता हसला. त्या हसण्यावर खोली मिळाली. त्याआधी एमआयडीसीच्या वाटेवरची कितीतरी दारं "आमचंच पाव्हणं येणार हायेत" म्हणून बंद झाली होती. मग बाबासाहेबांची तसबीर लुगड्याच्या घडीत गुंडाळून ट्रंकेत गेली. आईचा फोन आला की शितल आधी आवाज बारीक करायची. आईचा, म्हणजे विठाबाईंचा, पहिला शब्द 'जय भीम' असायचा, आणि हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

पुण्याच्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत शितलचं लिखाण छापून येणार होतं. पोर निजल्यावर, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे, मोबाइलवर अंगठ्यानं लिहिलेलं, आईवरचं. विठाबाई सुईण. कासुर्डीकडच्या वस्त्यांवर त्यांच्या हातांवर किती लेकरं जन्मली याला गणती नव्हती. नाळ कापेपर्यंत "ये गं बाई, लवकर ये". बाळाला न्हाऊ घातलं की त्यांच्याच पावलांवर गोमूत्र. "लिही," आई म्हणाली होती. "आन् तुझ्या बापानं मला मारल्यालं पण लिही. निस्तं गावाचंच लिहू नगं." शितलनं दोन्ही लिहिलं होतं.

आणि आता संपादकबाईंचा निरोप आला होता: नाव खरं छापू की टोपणनाव? संध्याकाळपर्यंत कळवा.

"टोपणनाव," डब्याचं झाकण लावत गोकुळ म्हणाला. "वाचून माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं न्हाई सांगत. पण कंपनीत अर्धी लाईन इथल्याच गावांतली हाय. पोरीला घिऊन कुठं जायाचं आपण?"

शितलला राग यायला हवा होता. आली ती भीतीच.

दुपारी झुंबरबाई दारात. "आवर गं शितल! आमच्या वैष्णवीची ओटी भरायची हाय. पयली ओटी तुझ्या हातची."

"मावशी, माझी कशाला? तुमच्यातल्या मोठ्या बाया..."

"पयल्याच खेपेला सुखरूप सुटल्याली लेकुरवाळी पायजे. मागल्या येळंला पोरीचा गर्भ पडला, ठावं न्हाई व्हय तुला? चल."

वैष्णवी ही त्यांची सून, लेक पप्पूची बायको. सातवा लागला होता तरी ती अजून जपून, भिंतीला धरून चालायची. शितलनं दाराची चौकट धरली. नाही म्हणावं तर कारण काय सांगावं? आणि हो म्हणावं, पुढं वैष्णवीचं काही कमी-जास्त व्हावं, मागून रविवारचा पेपर घरात यावा... मग दवाखाना, डॉक्टर कुणी विचारणार नाही. ओटीला हात कुणाचा लागला, एवढंच विचारतील.

बैठकीत हिरव्या साडीतली वैष्णवी पाटावर बसली होती. शेजारणींनी खोली भरली होती. राजनंदिनी एकीच्या मांडीवर. तिनं तोंड उघडलं की शितल घाईनं बिस्कीट पुढं करायची.

"अगं, ध्यान कुठं हाय तुझं?" एक शेजारीण हसली. "नारळ नीट धर, न्हाईतर माझ्याच पायावर फोडशील!"

"भ्याली हाय ती," झुंबरबाई म्हणाल्या. "माझ्या पप्पूच्या येळंला बघायला पायजे हुतं तुम्ही. भीमेला पूर, रस्ता बंद. पोर पायाळू. म्या तर आशाच सोडल्याली. पण सुईण काय हुती! हात घालून पोरगं फिरवलं तिनं. मागनं सासूबाईंनी सगळं घर सारवलं, गोमूत्र शिंपाडलं, आन् तिला मागल्या दारानं लावून दिलं. रीतच हुती तशी."

"नाव काय हुतं तिचं?" शितलच्या तोंडून निसटलं.

झुंबरबाईंनी आठवून पाहिलं. "कुणाला ठावं! सुईणच म्हणायचो. तिला नावानं कोण हाक मारतंय?"

शितलनं नारळ छातीशी धरला.

"मावशी, माझी आई पण सुईणच हाय. तिचं नाव विठाबाई. तिच्या पावलांवर बी गोमूत्र शिंपडायची लोकं." तिनं वैष्णवीकडं बघितलं. "आम्ही गायकवाड हाय, पण तुमच्या जावंच्यातलं न्हाई. आम्ही बौद्ध हाय. ओटी भरायच्या आधी सांगितलं. वैष्णवीला फसवायचं न्हाई मला."

शेजारणीनं राजनंदिनीला मांडीवरून खाली ठेवलं. तापलेलं भांडं ठेवावं तसं, पटकन.

"वरीसभर माझ्या चुलीपतूर आलीस तू," झुंबरबाई हळूच म्हणाल्या. "नारळ खाली ठेव."

"आत्या, भरू द्या की त्यांना," वैष्णवी पुटपुटली.

"गप बस!"

वैष्णवीनं पसरलेला पदर आवरला नाही. पण पुढंही केला नाही.

दिवेलागणीला झुंबरबाईंचा निरोप आला, पुनवेच्या आत खोली मोकळी करा. भिंतीपलीकडं बैठकीची लादी पुसली जात होती. गोमूत्राचा वास खिडकीतून इकडं आला. ज्या पप्पूला सुईणीच्या हातांनी या जगात आणलं, त्याचंच लेकरू आता त्या घरात येणार होतं, आणि त्याच्यासाठी घर शुद्ध होत होतं.

गोकुळ कामावरून आला आणि निरोप ऐकून उंबऱ्यातच बसला. "कुठं जायाचं आता?"

"ठावं न्हाई." शितलनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. संपादकबाईंना निरोप गेलेला होता: नाव खरं छापा. शितल विठाबाई गायकवाड.

त्यानं ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग उठून त्यानं ट्रंक उघडली.

लुगड्याच्या घडीतून तसबीर निघताच राजनंदिनीनं मूठ वर केली. "जै बीम!"

पलीकडचं पुसणं थांबलं.

शितलचा हात सवयीनं पोरीच्या तोंडाकडं गेला. मधेच थांबला.

"जय भीम, बाळा," ती म्हणाली. विठाबाई म्हणतात, तेवढ्या मोठ्यानं.