काळी दोन

रंगरावबुवांचे तबलजी सकाळी तापाने आडवे झाले, म्हणून मला बोलावणं आलं. नववीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आई म्हणाली, "जा. पण बुवा 'पुन्हा ये' म्हणाले नाहीत, तर सोमवारी सतरा नंबरचा फॉर्म. बाहेरून दहावीला बसायचं."

गाणं हडपसरला, एका आयटी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. बुवा मोबाईल ठेवत नाहीत. सगळे निरोप कंपनीतल्या गंधारकडे. बसमधून त्याला फोन लावला.

"बुवांची पट्टी कुठली?"

"पट्टी? लागलंय का त्यांना काही? फर्स्ट एड बॉक्स आहे आमच्याकडे."

मी फोन ठेवला, नाहीतर नको ते बोलले असते. तबला काळी एकला लावलेला होता, तसाच नेला.

पोचले तर बुवांच्या बैठकीवर दोन कप बिनदुधाची कॉफी. वर बशा झाकलेल्या.

"ही कुणाला?"

"सरांना," गंधार म्हणाला. "सकाळी दोनदा बजावलं त्यांनी. मुलीला सांगा, काळी दोन. मला वाटलं, तू सर्व्ह करणार."

"अहो, काळी दोन म्हणजे पेटीवरची पट्टी. त्या सुरात ते गाणार. माझा तबला त्याच सुरात लागायला हवा."

"अच्छा. मग दूध घालू?"

पंधरा मिनिटं उरली होती. तबला आख्खा एक सूर चढवायचा म्हणजे पुडीचं कातडं फाटायची भीती. हातोडी काढली आणि सुरू केलं. काचेच्या केबिनमधून गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेला एक जण आला.

"जरा हळू ठोका ना. अमेरिकेचा कॉल चालू आहे."

"त्यांनाही ऐकू द्या. तिकीट नाहीये."

तबला कसाबसा काळी दोनला लागला आणि बुवा आले. गळ्याला मफलर.

"घसा बसलाय गं. आज काळी एकच."

माझे कान तापले. गंधार दोन पावलं मागे सरकला. मी मान खाली घातली आणि तोच तबला परत उतरवायला लागले.

बुवांनी बशी उचलून पाहिली. "कॉफीचं कुणाला सुचलं? घशाला नेमकं हेच हवं होतं."

गंधारने हात वर केला. बक्षीस मिळाल्यासारखा.

"चिडली नाहीस?" बुवांनी मला विचारलं.

"चिडले. हातात हातोडी होती म्हणून तोंड बंद ठेवलं."

बुवांनी दुसराही कप संपवला आणि सा लावला. दीड तास गायले. तबला केसभरही उतरला नाही.

उठताना म्हणाले, "रविवारी वारज्याला बैठक आहे. पुन्हा ये. आणि पट्टी मलाच विचारायची."

"तुम्ही मोबाईल ठेवत नाही."

"मग घरी येत जा. रोज, पहाटे पाचला."

शाळा तरी सातला भरायची.