पट्ट्यावरची रिकामी चौकट

“आलं ते हा मोजेल गं. जे आलंच नाही, ते कोण मोजणार?”

मित्रांनो, मला इथे टांगलं त्या दिवशी म्हाताऱ्या वदीअने आपल्या सुनेला, इरिनीला, हे विचारलं होतं. तिने हसण्यावारी नेलं. “काका, गुडघे तुमचे गेले, राग यंत्रावर का?”

मी कैरोतल्या मोकत्तम डोंगराच्या पायथ्याशी, कचऱ्याच्या सरकत्या पट्ट्यावर लटकणारा एक जुना यांत्रिक डोळा आहे. कॉलेज शिकलेल्या इरिनीने दोन हिवाळे माझ्यासमोर हाताने कचरा निवडला. पत्रा, काच, बाटली सगळं मी तिच्या बोटांवरून शिकलो. वस्तू ओळखली की मी पडद्यावर तिच्याभोवती हिरवी चौकट आखतो आणि खालचा लोखंडी हात ती उचलतो. पाहुणे यायचे, तोंडभर कौतुक करायचे. आता माझ्या काचेवरची धूळसुद्धा इरिनीच पुसते.

पूर्वी वदीअ शहरातल्या शुब्रा वस्तीतल्या एका इमारतीचे जिने चढून दारोदार कचरा घ्यायचा. मी आलो, खाली डबे आले, जिने सुटले. फक्त पाचव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या हज्जा सफिनाझ मागच्या बोळात दोरीने टोपली सोडायच्या. त्यात कचऱ्याची पिशवी, आणि वदीअच्या शेळ्यांसाठी वेगळी बांधलेली शिळी रोटी. रोटी कचऱ्यात टाकायची नाही, हा त्यांचा नेम. गाठ निळ्या लोकरीची. गाडीवरची पोरं टोपली रिकामी करून आणायची; रोज सकाळी ती निळी गाठ माझ्याखालून जायची आणि लोखंडी हात ती शेळ्यांच्या पाटीत ठेवायचा.

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात एके दिवशी ती गाठ आली नाही. तरी तिच्या जागी, रिकाम्या पट्ट्यावर, चौकट उमटली. मी ती का आखली, मला आजही सांगता येत नाही. लोखंडी हात खाली आला. त्याने हवा उचलली आणि शेळ्यांच्या पाटीत अलगद ठेवली.

“भूत दिसलं की काय रे तुला?” इरिनीने माझी काच पुसली. “ईद आली. गेल्या असतील तांताला, लेकाकडे.”

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी इरिनीच्या कडेवरचं लेकरू त्या रिकाम्या चौकटीकडे बोट दाखवून म्हणालं, “रोटी.”

इरिनीने पट्टा थांबवला. “काका, हज्जा कधी न सांगता गेल्यात?”

“तीस वर्षांत नाही. शेळ्यांची रोटी दिल्याशिवाय ती बाई उंबरा ओलांडत नाही!”

पुढचं मी इरिनीच्या तोंडूनच ऐकलं. बोळात वारा नव्हता; तरी टोपली तिसऱ्या मजल्याशी अधांतरी, संथ फिरत होती. दोघांनी पाच मजले चढून दार तोडलं. हज्जा बाल्कनीच्या उंबऱ्यात पडलेल्या, खुबा मोडलेला, दोरी मनगटाला गुंडाळलेली. श्वास चालू होता.

“वदीअ, मेल्या,” त्या पुटपुटल्या, “जिना विसरलास होय?”

हज्जा वाचल्या. मी मात्र बिघडलोय म्हणे. उद्या मला उतरवणार आहेत. कारण रिकाम्या चौकटी थांबत नाहीत. आज सात गेल्या. चौकटीच्या आकारावरून न आलेली पिशवी कोणाची ते ओळखून सहा दारं इरिनी वाजवून आली. सातवी कोणत्या घरची, ते तिला ओळखता येईना. लेकराला घट्ट धरून ती पडद्यासमोर उभी आहे.

“तुमच्या जिन्यात कुणी एकटं राहतं का हो?” ती तुम्हालाच विचारते आहे. “ही गोष्ट बाजूला ठेवा. आधी त्यांचं दार वाजवून या.”