पहिलं घमेलं

जळगाव जामोदच्या त्या दोन खोल्यांच्या घरात सकाळी रेणुकाची नेहमीची तारांबळ चालली होती. एका हातात पोळीचा घास, दुसऱ्या हातात एम.ई.च्या प्रबंधाची पानं, आणि खांद्यावरची पिशवी सारखी घसरतेय. तालुक्यातल्या सरकारी बांधकामांवर ती अभियंता होती. आठवडाभर साइटवरची धूळ खायची, आणि शनिवारी पहाटेची एसटी धरून अमरावतीला कॉलेजात हजर व्हायचं. झोप म्हणाल तर ती एसटीतच, तीही खिडकीवर डोकं आपटत. हिला स्वस्थ म्हणून बसवत नाही, असं शेजारणी म्हणत. आता हिच्या जागी दुसरं कोण स्वस्थ बसलं असतं, हे मात्र कोणी सांगत नसे.

सासूबाई तानुबाईंनी डबा पुढे केला आणि हळूच विचारलं, आज शाळेच्या छताचा स्लॅप हाय ना? रेणुका हो म्हणाली.

"मंग नारळ फुटेलोक बाजूले होजो माय. लोकायच्या तोंडाले कोन लागते."

यात दुष्टपणा नव्हता बरं का. तानुबाई स्वतः ऐन पंचविशीत विधवा झालेल्या. आयुष्यभर बाजूला होऊन होऊन त्यांना ते अंगवळणी पडलेलं. सुनेला कोणी टाकून बोलू नये एवढीच त्यांची धडपड. त्यांचा मुलगा ज्ञानेश्वर, रेणुकाचा नवरा, काविळीनं गेला. एम.ई.चा हट्ट मुळात त्याचाच. तू शीक, पोळ्या मी लाटतो, असं म्हणाला होता आणि खरंच लाटायचा, वाकड्यातिकड्या. तो गेल्यावर लोकांनी विचारलं, आता कोणासाठी शिकते ही? रेणुकानं कॉलेज सोडलं नाही.

बाजूला होणं मात्र ती शिकली. ते तिला अर्जुनरावांनी शिकवलं.

अर्जुनराव म्हणजे ठेकेदार. माणूस वाईट नव्हता, दुखणं तेच आहे. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. स्लॅब टाकायच्या दिवशी त्यांच्या कामावर मिक्सरची पूजा व्हायची, नारळ फुटायचा, आणि मिक्सरमधून निघालेल्या पहिल्या मालाचं पहिलं घमेलं सवाष्णीच्या हातून वर जायचं. नवरा गेल्यावरच्या पहिल्याच स्लॅबला अर्जुनराव अदबीनं म्हणाले होते, मॅडम, जरा गाडीत बसा, ऊन लागते. हिवाळ्यातली सकाळ ती. कसलं आलंय ऊन! रेणुकाला आधी कळलं नाही, आणि कळलं तेव्हा तिनं कार्यालयाच्या गाडीत बसून दार लावून घेतलं. पुढच्या स्लॅबपासून तीच आपली उदबत्ती पेटली की फोन आल्यासारखं करायची आणि लिंबाच्या झाडामागे जायची. सळ्यांचं गणित तोंडपाठ असलेली बाई, पण या बाबतीत मूग गिळून बसली.

आणि याचा जाब तिला विचारला कोणी, तर काँक्रीटनं.

तिचा प्रबंध खेड्यापाड्यातल्या काँक्रीटवर होता. प्रत्येक स्लॅबच्या वेळी तयार माल लोखंडी साच्यात भरायचा, त्याचे ठोकळे पाण्यात ठेवायचे, मग अमरावतीच्या प्रयोगशाळेत यंत्राखाली घालून फोडायचे. किती वजनाला फुटतात त्यावरून ताकद कळते. मागच्या शनिवारी तिचे मार्गदर्शक अनंत सर सगळे आकडे बघून चष्मा काढून म्हणाले, "यात पहिल्या मालाचा एकही ठोकळा नाही. मिक्सर कोरडा असतो, पहिल्या मालातलं सिमेंट त्याच्या पत्र्यालाच चिकटतं. ताकदीला सगळ्यात कच्चा माल तोच, आणि नेमका तोच तुम्ही तपासला नाही. का?"

साइटवर अडचण असते, रेणुका पुटपुटली. सर शांतपणे म्हणाले, मग अडचण काय ती प्रबंधात लिहा किंवा नमुना आणा. त्याशिवाय मी सही करणार नाही.

परतीच्या एसटीत तिचा डोळा लागला नाही. काय लिहायचं? संशोधक विधवा असल्यामुळे नमुना मिळू शकला नाही, असं? आणि त्याहून वाईट विचार आकोट सोडल्यावर आला. तो कच्चा माल कुठे गेला? शाळांच्या, अंगणवाड्यांच्या छतांत गेला. ज्या घटकेला अभियंत्यानं मिक्सरपाशी उभं राहायचं, त्याच घटकेला ती झाडामागे उभी होती. तिला स्वतःची चीड आली, अगदी रडू येईपर्यंत.

आजचा स्लॅब सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात, शाळेच्या खोलीचा. प्रबंध द्यायच्या आधीचा हा शेवटचा. रेणुका पोचली ती थेट सेंट्रिंगवर, छताखालच्या फळ्यांच्या साच्यावर चढली, टेकू हलवून पाहिले, सळ्या मोजल्या, आणि खाली येऊन मिक्सरला खेटून तिनं आपले साचे मांडले. अर्जुनरावांनी साचे पाहिले, तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला. उदबत्ती पेटली.

"मॅडम, जरा गाडीत..."

"नाही. मी इथेच थांबते."

कामावरची माणसं हातातलं टाकून बघायला लागली. अर्जुनराव जवळ येऊन हळू आवाजात समजावू लागले. मले सोताले काही नाही वाटत हो, पन गावाचं काम हाय, लेकरायची शाळा हाय, उद्या काही झालं त लोक काय म्हनतीन?

"लेकरांची शाळा आहे म्हणूनच थांबते," रेणुका म्हणाली. "पूजा करा, नारळ फोडा, माझी ना नाही. पण पहिला माल माझ्या डोळ्यांसमोर निघेल. मी गाडीत बसले तर मिक्सर सुरू होणार नाही."

अर्जुनरावांनी इकडेतिकडे पाहिलं. माणसं खोळंबलेली, सिमेंटची पोती फोडलेली. शेवटी त्यांनी मान हलवली. पन पहिलं घमेलं तरी सवाष्णीच्या हातून जाऊ द्या, म्हणाले. नारळ हातातच राहिला आणि मिक्सर सुरू झाला. त्यांनी अन्नपूर्णाबाईला हाक मारली.

ही अन्नपूर्णा त्यांच्या कामावरची जुनी मजूर. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. नवरा सुरतेला कामाला आहे म्हणायची. पहिलं घमेलं नेहमी हिचंच. ती पुढे आली, डोक्यावर चुंबळ ठेवली, वाकली, घमेल्याला हात लावला आणि तशीच थांबली. नजर रेणुकावर.

"काऊन थांबली वं?" अर्जुनराव म्हणाले.

अन्नपूर्णा सरळ उभी राहिली. "भाऊ, माहा मालक सुरतले नाही. तो मेला. लय दिवस झाले."

मिक्सरच्या घरघरीतही ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"स्लॅपच्या दिवशी तुमी मालक नसल्याल्या बाईले बोलवत नाही. म्हनून नाही सांगतलं. तवापासून तुमचे सारे स्लॅप म्याच सुरू केले, भाऊ. एक तरी पडला काय?"

अर्जुनरावांच्या हातात नारळ तसाच. रेणुका पगाराची बाई, दुखलं तर तिला गाडीत नाहीतर झाडामागे जाता येत होतं. हिनं कुठे जायचं? ही तर मेलेल्या नवऱ्याला रोज सुरतेला जिवंत ठेवून घमेली वाहत होती.

पण काँक्रीट कोणाच्या दुःखासाठी थांबत नाही. रेणुका भानावर आली, माल उतरवा म्हणाली. खडीच खडी होती त्यात, सिमेंट पत्र्यालाच राहिलेलं, सरांनी सांगितलं होतं तसं. तिनं साचे भरले, आणि हळदीकुंकवाचा तो उरलेला माल छतावर न जाऊ देता पायरीखालच्या खड्ड्यात टाकायला लावला. दुसरा माल चांगला निघाला. त्याचं पहिलं घमेलं अन्नपूर्णानंच वर नेलं. अर्जुनरावांनी नारळ फोडला तो बऱ्याच वेळानं, एका बाजूला, आणि खोबरं वाटताना रेणुकापाशी त्यांचा हात जरा अडखळला, पण दिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ठोकळे घरी आणून पाण्याच्या टाकीत सोडले आणि सगळी हकिगत सांगितली. तानुबाई टाकीशी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "माह्या ज्ञानेश्वराच्या लग्नात अक्षता मी सैपाकघरातून टाकल्या होत्या." आणि पहिल्या मालाचा ठोकळा कोणता ते विचारून त्यांनी पाण्यात हात घातला.

तो ठोकळा प्रयोगशाळेत बाकीच्यांच्या कितीतरी आधी फुटला. अनंत सरांनी सही केली. गोष्ट इथे संपली असती तर तुम्हांआम्हांला सुखानं झोप लागली असती. पण पुढच्या स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी अर्जुनरावांचा फोन आला. आवाजात मोठेपणा होता. या मॅडम, बिनधास्त मिक्सरपाशी उभ्या राहा, आता माहं काही म्हणणं नाही.

"अन्नपूर्णाबाई येणार ना?" रेणुकानं विचारलं.

"तिचं कसं हाय मॅडम... तुमी साहेब मानूस. तिचं येगळं हाय."

रेणुकाच्या अंगाची लाहीलाही झाली. म्हणजे मान मिळाला होता तो तिच्या खुर्चीला! "मग ऐका," ती म्हणाली, "त्या कामावर नसतील तर मीही गाडीत बसेन. मी गाडीत बसले की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे." आणि फोन ठेवला. त्या रात्री तिला धड झोप लागली नाही. पुढच्या स्लॅबला, आणि त्याच्या पुढच्याही स्लॅबला असंच भांडावं लागणार, हे तिला दिसत होतं.

सकाळी ती थेट साइटवर गेली नाही. आधी अन्नपूर्णाच्या दारात जाऊन तिनं हॉर्न वाजवला. अन्नपूर्णा बाहेर आली. कपाळ मोकळं, चुंबळ काखेत, आणि हिरव्या बांगड्या हातात नाहीत, मुठीत. उंबऱ्यातच घोटाळली.

"मॅडम, आता त साऱ्यायले मालूम हाय. ह्या घालू का ठेवू?"

"तुम्हाला आवडतात का?"

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नसावा. तिनं मूठ उघडून बांगड्या पाहिल्या.

"हाव," ती म्हणाली. "लय आवडतात."

"मग घाला," रेणुका म्हणाली, "आणि बसा लवकर. माल निघायच्या आधी पोचायचंय."