हातात ब्रश असताना

नम्रताचे बाबा दर शनिवारी धरमतरच्या बाजूच्या आपल्या गावातून पेणला यायचे, ते रिकाम्या हाताने कधीच नाही. पण आणलेलं पिशवीत नसायचं, मुठीत असायचं. गणपतीच्या कारखान्याच्या दाराशी चपला काढायच्या, उपड्या बादलीवर बसायचं आणि बंद मूठ नातीपुढे धरायची.

"मने, मुठीत काय हाय?"

मुठीत कधी बोर, कधी चिंचेचं बुटूक, कधी मिठागरातला मिठाचा खडा. साडेचार वर्षांची मनाली आधी मुठीकडे बघायची, मग आईकडे. बोलायची मात्र नाही. आई मूर्तींचे डोळे आखत असायची. तीच मग मान वर न करता म्हणायची, "बोर असंल, बाबा. द्या तिला."

"तुला कोन इचारतो? तू काय वकील हायस तिची?"

"लाजते हो ती."

मूठ उघडायची, बोर मनालीच्या तोंडात जायचं आणि प्रश्न तसाच बादलीजवळ पडून राहायचा.

मनाली मुकी नव्हती. रंगाच्या फळीखाली बसून मातीच्या उंदरांशी तिचं काही ना काही चालू असायचं, पण ते इतकं हळू की उंदरांनाच ऐकू यावं. कुणी विचारलं, नाव काय, जेवलीस का, की तोंडाला कुलूप. बालवाडीच्या बाईंनीही हात टेकले होते.

बाबांना घाई होती. त्यांचे कान चालले होते. डावा गेलाच होता, उजवाही फार टिकणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. कानात घालायला यंत्र मिळालं, ते बाबांनी डब्यात ठेवून दिलं. "नुसती शिट्टी वाजते गो. फलाटावर बसल्यासारखं वाटतं." मग नातीकडे बघत म्हणाले, "एकदा पोरीचा आवाज कानावर पडू दे. मंग मिटले तरी चालतील."

शेजारी सोंडा रंगवणाऱ्या शकूमावशीला राहवलं नाही. "नमे, रोह्याला वनिताताई हाय बघ. गप ऱ्हाणारी पोरं बोलती करते. जा घेऊन. नायतर उद्या हिच्या नवऱ्यालापन तूच जबाब देशील."

नम्रता गेली. नागोठण्यावरून एसटी, मांडीवर मनाली. वनिताताईंचा वर्ग म्हणजे एक खोली, एक सतरंजी आणि टोपलीभर घरातल्याच वस्तू. ताई म्हणाल्या, "प्रश्न विचारला की आपण तोंड मिटायचं. मुलाला आधी प्रश्न कळावा लागतो, मग उत्तर सापडावं लागतं. पहिल्यांदा 'काय', वस्तू समोर ठेवून. मग 'कोण', मग 'कुठे'. 'का'ची घाई नको, त्याचं उत्तर मोठ्यांना तरी कुठे येतं? आणि आईने मधे पडायचं नाही."

ताईंनी एक वाटी पुढे ठेवली आणि खडूने पाटीवर तिचं चित्र काढता काढता विचारलं, "हे काय आहे, मनाली?"

मनाली खडूकडे बघत राहिली. नम्रताच्या जिभेवर 'वाटी' नुसती नाचत होती. तिने जीभ दातांखाली धरली. तेवढ्यात चहा आला, तसा ताईंनी खडू खाली ठेवला.

"वाटी," मनाली म्हणाली. चांगली खणखणीत.

ताई खूश झाल्या. नम्रता मात्र खाली ठेवलेल्या खडूकडे बघत राहिली.

कारखान्याचा नियम होता. डोळ्यांची आखणी चालू असताना कुणी बोलायचं नाही. श्वास हलला तरी रेघ हलते आणि देव तिरळा होतो. मनाली रांगायला लागली तेव्हापासून नम्रता तिला बजावत आली होती, "आईच्या हातात ब्रश हाय ना? मग गप." पोरीने ते शहाण्यासारखं पाळलं होतं. ब्रश खाली ठेवला की बोलायचं. पण ब्रश खाली ठेवायच्या आत आईचंच उत्तर देऊन झालेलं असायचं. पोरगी लाजत नव्हतीच. ती आपली पाळी कधी येते ते बघत होती, इतके शनिवार.

त्यानंतर रोज संध्याकाळी नम्रता हात धुऊन दोन्ही रिकामे तळवे लेकीला दाखवायची आणि मगच विचारायची. हे काय? दारात कोण आलं? मांजर कुठे बसलंय? उत्तर उशिरा यायचं, कधी विषय बदलल्यावर यायचं, पण यायचं. नम्रता गप्प बसायला शिकत होती. दोघींत मनालीच हुशार निघाली.

आता बाबांना ऐकवायचं तेवढं राहिलं होतं. पण पावसात त्यांचे गुडघे धरले, शनिवार बंद पडले. फोनवर त्यांना नीट ऐकू यायचं नाही. आणि इकडे हंगाम डोक्यावर, भिंतीला लागून बिनडोळ्यांच्या गणपतींची रांग.

"एक दिस जाऊन ये गो," शकूमावशी म्हणायची. "देव थांबतील."

"एवढे डोळे होऊ देत, मग जाते."

डोळे झाले. गणपती आले, गेले. मग ती मनालीला घेऊन गावी गेली.

बाबा ओट्यावर बसले होते. नम्रताने फाटकातून हाक मारली, जवळ येऊन मारली. त्यांनी मान वळवली ती मनालीची सावली पायाशी पडली तेव्हा. चेहरा फुलला. आत जाऊन ते मूठ बंद करून आले.

"मने, मुठीत काय हाय?" आपलाच आवाज ऐकू येत नसल्यासारखे ते केवढ्याने तरी ओरडले.

मनालीने मुठीकडे बघितलं. मग आईच्या हातांकडे. हात रिकामे होते.

"मीठ," ती म्हणाली. आणि आजा नुसताच बघतोय म्हणून पुन्हा, जोरात, "आजा, मीठ!"

बाबांना तिचे ओठ हललेले दिसले. मूठ उघडली, खडा ओट्यावर घरंगळला.

"बोलली! नमे, बोलली गो ती!" ते हसत होते, डोळे पुसत होते. मग थांबले. उजव्या कानावर हलकेच दोनदा थोपटून त्यांनी विचारलं, "कसा हाय गो आवाज तिचा? तुझ्या आयेसारखा हाय काय?"

आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरं देत आलेल्या नम्रताने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

बाबा वाट बघत होते. आणि मनालीही, आईच्या रिकाम्या हातांकडे बघत.