सिस्टर चहा घेत नाहीत

अनुपनं बाहेरच्या ओळीतली खुर्ची ओढून धरली होती. सुलोचनाबाईंनी खुर्चीकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं आणि काचेचं दार ढकलून त्या सरळ आत गेल्या.

"आई, अख्खं लायडन बाहेर बसलंय," तो मागोमाग येत म्हणाला. "इथं ऊन पडलं की सण असतो."

"मंग करू दे त्याइले सण. आपण आत बसू."

आत चिटपाखरू नव्हतं. बाईंनी खिडकीजवळचं टेबल निवडलं, खुर्चीची पाठ दाबून पाहिली आणि पिशवीतून रजिस्टर काढलं. उपकेंद्रात नर्स होत्या तेव्हा अशाच रजिस्टरात त्या बाळांची नावं, वजनं आणि डोस लिहीत. निवृत्तीला नऊ वर्षं झाली, पण रकाने पाडायची खोड गेली नाही. सिंदी मेघेचं घर कुलूप लावून हॉलंडात मुलाकडं आल्या, त्याच्या चौथ्याच दिवशी त्यांनी नवे रकाने पाडले: कॅफेचं नाव, उजेड, खुर्ची, संडासाच्या पायऱ्या, आणि शेवटी 'उठवतात का?' हा बारावा कॅफे. शेवटच्या रकान्यात अकरा वेळा 'नाही' लिहिलेलं होतं.

अनुप आणि सून पौर्णिमा कामावर गेले की बाई कालव्याच्या काठानं निघत. एका कॅफेत जुन्या पुस्तकांच्या मागं टेबलं होती आणि लठ्ठ बोका वर्तमानपत्रावर झोपलेला असे. लोक बोक्याला धक्का न लावता उरलेलं पान वाचत. दुसरा दोघी बहिणी चालवत. त्या काउंटरमागं तासभर भांडायच्या आणि गिऱ्हाईक आलं की दोन तोंडांनी एकच हसू हसायच्या. त्यांचा सफरचंदाचा केक बाईंनी अंदाजानंच तोलला: दीडशे ग्रॅम, जास्तच, कमी नाही. एका ठिकाणी गरम पाण्यात पुदिन्याची काडी उभी करून आणली. बाईंनी नोंद केली, 'चहा नव्हे, काढा. ग्लास सुंदर.' आणि सगळीकडं एक गोष्ट सारखी होती. एका कपावर दीड तास बसा, टेबल पुसायच्या निमित्तानं ओलं फडकं घेऊन कुणी नाकासमोर नाचत नाही.

बाई मजेत होत्या. पौर्णिमाला तेवढं कोडं पडलं होतं की सासूबाई बाहेर का बसत नाहीत. थंडी वाजत असेल म्हणून तिनं एक शाल आणली, मग एक जाड शाल आणली. बाई दोन्ही घेत आणि आतच बसत.

"रविवारी कैलासकडं जायचं नाही, त्यालाच कॅफेत भेटायचंय," अनुप कप पुढं सरकवत म्हणाला. कैलास त्याचा इथला मित्र. "त्याचे बाबा आलेत. तुझ्या माहेरचेच की. हिंगणीचे रूपराव."

बाईंचा पेन थांबला. त्यांनी त्याला टोपण लावलं.

"कैलासनं कालव्यावरचं टेबल सांगून ठेवलंय. बाहेरचं," अनुप सांभाळून म्हणाला. "मी इथं आलो तेव्हा दोन महिने त्याच्या घरी राहिलो, आई. तेवढा एक दिवस..."

"एक दिवस काय?"

"बाहेर बस."

बाई खिडकीतून पाहत राहिल्या. बाहेर एक म्हातारा डोळे मिटून, तोंड उन्हाकडं करून बसला होता, जसा काही पगार घेऊन बसलाय.

सेलू तालुक्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: सिस्टर चहा घेत नाहीत. चौतीस वर्षं बाई घरोघर फिरल्या. बाळंतपणं केली, पोरांना लस टोचली, म्हाताऱ्यांना रागावल्या. प्रत्येक घरानं चहा विचारला आणि प्रत्येक घराला एकच उत्तर मिळालं. कुणाला वाटे पित्त असेल, कुणाला वाटे व्रत. खरं कारण हिंगणीच्या बसथांब्यावरच्या हॉटेलात होतं. रूपरावच्या बापाचं हॉटेल. आत बाकं होती, आणि बाईंचा बाप कवडू बाहेर दगडावर बसून चहा पीत असे, कारण त्याच्या वस्तीनं बाहेरच बसायचं अशी रीत होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दहा वर्षं झाली होती, पण हॉटेलाला त्याचा पत्ता नव्हता. मग एक दिवस कवडूनं हॉटेलचा चहाच सोडला, आणि मुलीनं बापाची ती गोष्ट पुढं चालवली. घरी मात्र त्या दिवसाला पाच कप घेत, कडक. हे त्यांनी अनुपला कधी सांगितलं नाही. त्यानं ताठ मानेनं वाढावं, एवढाच त्यांचा हिशोब होता.

रविवारी अकरा वाजता कॅफेची बाहेरची टेबलं, कालव्यात नांगरलेल्या सपाट नावेवरची, सगळी भरली होती. एका टेबलावर कैलास आणि भर उन्हात माकडटोपी घातलेले रूपराव. पंच्याहत्तरीचे, हातात काठी, मिशी अजून शाबूत. बाईंना पाहून ते अर्धे उठले.

"या, सिस्टर, या! इकडं उनात बसा."

"जय भीम, रूपरावजी."

"हो, हो, नमस्कार."

बाईंनी कैलासकडं पाहिलं. "जन्मला तवा दोन किलो सातशे होता तू. आता नव्वद भरशीन."

कैलास हसला, अनुप हसला. अनुपच्या हसण्यात विनवणी होती. त्यानं खुर्ची ओढली.

"तुम्ही बसा बाहेर," बाई म्हणाल्या. "मी आत हाये."

"काकू, आत अंधार आहे हो," कैलास म्हणाला.

"मले अंधार चालते."

"काऊन? थंडी वाजते?" रूपरावांनी विचारलं. "माही टोपी घ्या."

अनुपनं आईच्या दंडाला हात लावला. "आई, प्लीज."

बाईंनी तो हात काढला नाही. आवाजही चढवला नाही.

"थंडी नाई वाजत. रूपरावजी, तुमच्या हॉटेलात माहा बाप बाहेर बसे. आमच्या घराच्या वाट्याचं बाहेर बसणं त्यानं एकट्यानंच बसून संपवलं. माह्यासाठी काही उरलंच नाई."

बाई नावेच्या फळीवरून काठावर उतरल्या, रस्ता ओलांडला आणि कॅफेत शिरल्या. मधलं टेबल रिकामं होतं. सगळीच रिकामी होती. बाई मधल्यावर बसल्या.

काचेतून तिघं दिसत होते. कैलास बापाला काहीतरी विचारत होता. बाप पाण्याकडं पाहत होता. अनुप आधी उभा राहिला, मग फळीवरून जवळजवळ पळतच आला आणि समोर बसला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सगळ्याइनं विचारलं थंडी वाजते का. नाई वाजत, म्हटलं."

तो उठून काउंटरवर गेला आणि दोन चहा सांगितले. थोडा वेळ तिथंच उभा राहिला, मग चार सांगितले.

चार कप टेबलावर आले तेव्हा कैलास आणि रूपराव दारात होते. म्हाताऱ्यानं काठी आधी आत टाकली, मग स्वतः आला. टोपी काढली. बाईंच्या समोरची खुर्ची अनुपनं सोडली.

"सिस्टर, तुम्ही तं चहा घेत नाई म्हणे," रूपराव कपाकडं पाहत म्हणाले.

"तिकडं नाई घेत."

कैलासनं फोन काढला आणि तो पाहायचं सोडून नुसता हातात धरून बसला. अनुप साखर ढवळत होता, साखर न टाकता.

"मी लहान होतो तेव्हा," रूपराव म्हणाले.

"सोळा वर्षांचे होते. मी नऊची. मले हिशोब येते."

"हॉटेल बापाचं होतं."

"हो. पण गल्ल्यावर तुम्ही होते." बाईंनी एक घोट घेतला. "बाबानं त्या दिवशी चहा पेला आन् कप न धुता दगडावर ठेवला. रोज धुवून ठेवे. तुम्ही आतून ओरडले, 'कवडू, कप धू.' माहा बाप तुमच्या बापाच्या वयाचा होता. त्यानं माहा हात धरला आन् आम्ही बसमधी बसलो."

"आठवते मले."

बाईंनी मान वर केली. हे उत्तर त्यांच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. रूपराव नाकारतील, विसरल्याचं सोंग करतील, हसून नेतील, सगळ्याची उत्तरं त्या गेले दोन दिवस घोटून आल्या होत्या.

"मंग एक सांगा," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं झाले, मनात हाये. तो कप कोणं धुतला?"

रूपरावांनी मिशीवरून हात फिरवला. मुलाकडं पाहिलं. मुलगा बापाकडंच पाहत होता.

"कोणीच नाई. दोन दिवस दगडावरच पडून होता. बापानं मले सांगतलं, तू धू. मी नाई धुतला." ते थांबले. "काठीनं ढकलून फोडला."

"हां," बाई म्हणाल्या. एवढंच.

चहा मात्र सगळ्यांनी संपवला. बाहेर नावेवर कुणीतरी मोठ्यानं हसलं. या कॅफेची रीत अशी होती की आपापला कप उचलून भिंतीजवळच्या मांडणीत ठेवायचा. तशी पाटी होती, आणि बाहेरची माणसं एकेक करून येत, कप ठेवत, जात होती. कैलासनं आपला ठेवला. अनुपनं आपला उचलला आणि सवयीनं दुसरा हात आईच्या कपाकडं नेला. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"आई, इथं सगळेच उचलतात. तसं काही नाही."

"मले वाचता येते, काय लिवलं हाये ते. चित्र काढलं हाये. राहू दे."

कप टेबलावर राहिला. तळाशी चहाचं एक तपकिरी वर्तुळ. अनुप उभा होता, हातात स्वतःचा रिकामा कप. कुणी कुणाकडं पाहत नव्हतं. काउंटरवरच्या मुलीला मात्र काहीतरी घडतंय असं वाटलं असावं, तिनं पाण्याचा नळ बंद केला.

रूपरावांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. दोन्ही हात टेबलावर दाबून उठले. एका हातात आपला कप घेतला, दुसऱ्यात बाईंचा. काठीवाचून त्यांची पावलं आखूड पडत होती; कपात चमचा खुळखुळत होता. कैलास पुढं झाला, त्याला त्यांनी कोपरानं बाजूला केलं. मुलगी काउंटरमागून आली, तिला मान हलवून नाही म्हणाले. मांडणीपाशी ते थांबले. आपला कप ठेवला आणि मोकळ्या हातानं तिच्या सिंककडं बोट केलं. तिला कळेना. मग ते स्वतःच सिंकपाशी गेले, बाईंचा कप नळाखाली धरला, अंगठा आतून फिरवला, उलटा करून पाणी झटकलं आणि मांडणीत ठेवला.

परत यायला त्यांना बराच वेळ लागला. चेहऱ्यावर घाम होता. माफीबिफी काही बोलले नाहीत. खुर्चीची पाठ धरून टेकणार, एवढ्यात सुलोचनाबाई म्हणाल्या,

"बसू नका, रूपरावजी. मी अजून एक घेईन म्हणते."