पेट्रोल कुठं अडलंय

स्टार्टर फिरत होता, पण इंजिन काही घेत नव्हतं. मी किल्ली फिरवायची, गाडीनं घुर्र घुर्र करून अख्खी इमारत जागी करायची आणि मग गप्प बसायचं, असं सकाळपासून चाललं होतं. पार्किंगच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बाबा उंटावरून शेळ्या हाकत होते.

आज त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू इतका पिकला होता की डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, आता लांबवलंत तर आत दाब वाढेल आणि गेलेली नजर परत यायची नाही. बाबांनी याआधी दोनदा तारीख पुढं ढकलली होती, एकदा सर्दीमुळे आणि एकदा घरी प्लंबर येणार म्हणून. आता तिसऱ्यांदा गाडी त्यांच्या मदतीला धावली होती. मी म्हटलं, टॅक्सी बोलावते. तर परक्याच्या गाडीत त्यांना मळमळतं. जाईन तर माझ्याच गाडीनं, नाहीतर जाणार नाही, म्हणाले. माझ्याकडे स्कूटर. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाला तिच्यावरून आणायचं कसं?

त्यात घरात अबोला. आई हॉस्पिटलची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. थेंब टाकले का ते तुझ्या बाबांना विचार, असं ती मला सांगायची आणि बाबा तिच्यापासून चार हातांवर बसून, टाकले म्हणून सांग, असं मलाच सांगायचे. भांडण कशावरून झालं, हे दोघंही सांगत नव्हते. त्यांच्या संसारात इतके अबोले होऊन गेले होते की मी विचारणंच सोडलं होतं. निरोप्याचं काम तेवढं करत होते.

ही गाडी मला लहानपणापासून पाठ. इतर मुलींचे वडील त्यांना सायकल शिकवायचे, माझ्या वडिलांनी मला प्लग साफ करायला शिकवलं. इंजिन फिरतंय आणि सुरू होत नाही, म्हणजे हवा, ठिणगी आणि पेट्रोल यांपैकी काहीतरी पोचत नाही, हा त्यांचा पहिला धडा. मी प्लग काढला, आईला किल्ली फिरवायला बसवलं. टच्च निळी ठिणगी पडली. प्लग परत बसवला. मग राहिलं पेट्रोल. किल्ली अर्धी फिरवली की मागच्या सीटखालून पंपाची बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. सीटवर कान टेकून मी ऐकत राहिले. पंपाचा आवाजच नव्हता.

"एअर फिल्टर बघ," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, पंप चालत नाही त्यात फिल्टरचा काय संबंध? तर म्हणे टाकीचं झाकण उघडून बघ, कधीकधी झाकणच घट्ट बसतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आवाजावरून ढिला नट ओळखणारा माणूस आज मला टाकीचं झाकण बघायला सांगत होता. वय झालंय, ऑपरेशनची भीती वाटत असेल, असं स्वतःला समजावत मी झाकण उघडलंसुद्धा. फ्यूज तपासला, तो ठीक होता. पंपाला वीज सोडणारा रिले काढून त्या जागी हॉर्नचा लावला, तरी पंप मुकाच. माझे हात काळे, डोकं गरम आणि हॉस्पिटलमधून दोनदा फोन.

आता एकच जागा उरली होती. डाव्या सीटच्या पायाशी, पायपुसण्यामागे एक गोल बटण आहे. गाडीला जोराचा धक्का बसला की ते वर उडतं आणि पंप बंद करतं, म्हणजे अपघातात पेट्रोल सांडून आग लागायला नको. मी डावं दार उघडलं. ते करकरतं.

"तिथं काही नाही," बाबा लगेच म्हणाले.

मी वाकलेली तशीच थांबले. बघितल्याशिवाय बोलू नये, हे ज्यांनी मला शिकवलं, ते हे बोलत होते. मी हात घातला. बटण वर आलेलं होतं. मी ते दाबलं आणि आईला किल्ली फिरवायला सांगितली. मागून गुणगुण आली आणि इंजिन एका फटक्यात सुरू झालं.

मी पुढं गेले. गाडी भिंतीला नाक लावून उभी होती, अंग चोरून आत शिरावं लागलं. बंपरचा डावा कोपरा चेपला होता आणि त्याला फाटकाच्या खांबाचा पिवळा रंग लागला होता.

बाबा मला सांगत आले होते की आता गाडी चालवत नाही, आठवड्यातून एकदा नुसती सुरू करून ठेवतो.

"तुम्ही गाडी ठोकलीत, मग कुणाकडून तरी ढकलत आणून इथं लावलीत. आणि बटणाचं तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "खांब दिसला नाही तुम्हाला?"

उत्तर आईनं दिलं, ड्रायव्हरच्या सीटवरून.

"त्यांना वर्षभर नीट काही दिसत नाही. मी सांगते आणि ते चालवतात. डावीकडे घ्या, पुढं सायकल आहे, थांबा, सुटला सिग्नल. असं चालतं आमचं."

"आणि खांब?"

"खांब मला दिसत होता," आई म्हणाली. "पण आमचा अबोला होता."

मी बॉनेटला टेकले. नजर गेलेला माणूस आणि जन्मात स्टिअरिंग न धरलेली बाई, दोघांनी मिळून एक ड्रायव्हर केला होता. बाजार, बँक, माझं घर, सगळीकडे हे असे फिरले होते. मी दोघांना खूप बोलले, तोंडाला येईल ते बोलले. त्या फाटकापाशी संध्याकाळी पोरं खेळतात. खांबाच्या जागी एखादं पोर असतं तर, असं मी आईला विचारलं.

"ओरडले असते गं," आई म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "ओरडले असते ना मी? तेच कळत नाही. तेव्हापासून झोप नाही मला."

बाबा खुर्चीतून उठले. "तिला बोलू नकोस," ते म्हणाले. "डोळे माझे गेलेत."

ते मागच्या दारापाशी आले. रोज स्वतःच्या हातानं पुसलेल्या त्या गाडीवर त्यांचा हात दाराची कडी शोधत राहिला. मी कडी उघडून त्यांना बसवलं. आई पुढं माझ्या शेजारी आली आणि आम्ही निघालो. उशीर झाला होता, हॉस्पिटलला मी कळवलं, त्यांनी या म्हणून सांगितलं.

कोपरा वळतो न वळतो तोच आईचं सुरू झालं. गतिरोधक आलाय, हळू घे. डावीकडून स्कूटर येतेय. आता औषधाचं दुकान, मग चौक. आधीच माझं टाळकं सटकलेलं.

"आई, मला दिसतंय सगळं. जरा गप्प बसशील?"

"बोलू दे तिला," बाबा मागून म्हणाले. "कुठं आलोय, ते मला त्यावरूनच कळतं."