कॅरेटच्या तळाचा कागद

वंदनाला संशय घ्यायला कारण लागत नसे. कारण मिळालं तर मग विचारूच नका. दूधवाल्याच्या मापापासून नवऱ्याच्या खोकल्यापर्यंत सगळ्यात तिला काळंबेरं दिसे, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा ते असेही.

पण आता गोष्ट पोटच्या पोरीची होती. दीपमाला नववीत. पालकसभेत मॅडमनी चारचौघांत सांगितलं होतं, "हिला एक ओळ धड वाचता येत नाही." वंदना मान खाली घालून पिंपळगाव राजा या आपल्या गावी परतली आणि नवऱ्याला, गोपालला, म्हणाली, "सहामाहीत पास झाली तं ठीक. नाही तं शाळा बंद, वावरात काम करीन." गोपाल म्हणाला, "हाव." तो नेहमी तेवढंच म्हणे.

आणि जिला टोमॅटो तोडायला चार हाका माराव्या लागत, तीच पोरगी आठ दिवसांपासून सगळ्यांआधी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये शिरत होती. टोमॅटो भरायच्या कॅरेटच्या तळाशी रद्दीचे कागद अंथरायचं काम तिनं आपणहून मागून घेतलं. माल प्लास्टिकला घासू नये म्हणून ते कागद. दहा मिनिटांचं काम, पण हिला तास लागे. बाहेर येताना एकटीच हसे, नाही तर डोळे पुसे.

"फोन असन," शेजारची जनकाबाई कुंपणावरून म्हणाली. "नाही तं चिठ्ठ्या. माह्या नणंदीच्या पोरीचं असंच सुरू झालं व्हतं."

वंदना तशीच घरात शिरली. तिनं दप्तर झटकलं, गादी उलटली, दप्तराचा वासही घेऊन पाहिला. काहीच सापडलं नाही, त्यामुळं संशय आणखीच बळावला. त्यात नांदुऱ्याच्या अडत्याचा फोन आला, तळाचा माल खरचटतोय, कॅरेटमध्ये कागदच नाहीत. मग कागद जात होते कुठं? त्या संध्याकाळी तिनं पोरीला हाकललं आणि पाच कॅरेट स्वतः कागद घालून भरले.

सकाळी गोपाल कॅरेट टेम्पोत चढवत होता, तेव्हा ती पाय न वाजवता शेडमध्ये गेली. दीपमाला गुरांच्या ढेपेच्या पोत्याआड बसली होती. मांडीवर कागदांचा गठ्ठा.

"कोणाच्या चिठ्ठ्या हायेत ह्या?"

"चिठ्ठ्या नाही माय, गोष्ट हाये. रद्दीत फाटकं पुस्तक आलं. पानं इकडंतिकडं झाली, ते जोडून राह्यली मी."

"तुले वाचता येत नाही म्हणे."

"वर्गात उभं केलं की नाही येत. सगळे हसतात. इथं कोणी हसत नाही."

वंदनाला ते लागलं. पण संशय असा सहज सुटणारा नव्हता. "वाच," ती म्हणाली.

दीपमाला वाचू लागली. एक अनोळखी बाई स्टेशनावर उतरते, खोली भाड्यानं घेते, सोबत फक्त एक लोखंडी पेटी. जोडाक्षराला पोरगी अडखळे, मागं जाई, पुन्हा निघे. पाठ केलं असेल, वंदनाला वाटलं. ती स्वतः दुसरीतच शाळा सुटलेली, अक्षर लावून ताडून बघणं तिला जमणारं नव्हतं. तिनं दुसऱ्याच पानाच्या मधोमध बोट ठेवलं. "आता इथून."

"बाई रोज कडी लावून पेटी उघडत असे," दीपमालानं हळूहळू वाचलं, "आणि घरमालकीण दाराच्या फटीतून बघे."

"बघीनच! काय हाये त्या पेटीत, मालकिणीले कळाले नको?" वंदना पालथ्या कॅरेटवर टेकली. "मंग?"

"एक दिवस बाईनं झाकण उचललं आणि..."

"आणि काय?"

"पान संपलं."

"पुढचं कुठं हाये?"

दीपमाला बाहेरच्या टेम्पोकडं पाहत राहिली. "काल तू सोताच कॅरेट भरले ना, माय."

गोपाल हॉर्न वाजवत होता. वंदना तरातरा गेली, टेम्पोतला पहिला कॅरेट ओढला आणि भरला माल ताडपत्रीवर उलटा केला. मग दुसरा.

"काऊन वं, याड लागलं काय?"

"हॉर्न बंद करा आधी!"

तिसऱ्याच्या तळाशी पुस्तकाचं पान मिळालं, ओलं, एका कोपऱ्याला टोमॅटोचा रस लागलेलं. वंदनानं ते पदरानं टिपलं आणि दीपमालापुढं धरलं.

पोरीनं घेतलं नाही. "माय, माही शाळा बंद करशीन?"

"बंद केली तं मले वाचून कोण दाखवीन?" वंदना ताडपत्रीवर टोमॅटोंच्या मधेच बसली. "पेटी उघड."